संध्याकाळची कॉफी बंद केली आणि झोप परत आली

गेले दोन-तीन महिने रात्री आडवं झाल्यावर झोप लागायला मला तास-दीड तास लागत होता आणि मी सगळा दोष मोबाइलला देत होते, तो लांब ठेवून बघितला, दिवे लवकर बंद केले, काही फरक नाही. मग लक्षात आलं की रोज साडेपाचच्या सुमारास मी मोठा मगभर कॉफी पिते. तेव्हापासून कॅफीन मेंदूत जाऊन नेमकं करतं काय हे वाचायचा नादच लागलाय.

कॉफीने ताकद येते असं मला इतकी वर्षं वाटायचं, पण तसं नाहीये. आपण जागे असताना मेंदूच्या पेशी सतत एनर्जी वापरतात आणि त्यातून अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, जितका वेळ जागे तितकं जास्त. ते पेशींवरच्या रिसेप्टरना, म्हणजे असे निरोप घेणाऱ्या जागांना, चिकटलं की मेंदू मंदावतो, डोळे जड होतात. कॅफीन दिसायला या अडेनोसिनसारखंच, त्यामुळे ते त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं पण बसून करत काहीच नाही, नुसती जागा अडवतं! अडेनोसिन तिकडे साठतच असतं, फक्त त्याचा निरोप पोचत नाही. म्हणून तर कॅफीन उतरलं की एकदम गळून गेल्यासारखं होतं, थकवा गेलेलाच नसतो. आणि तरतरी वाटते त्यात डोपामिन या उत्साह देणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचाही हात आहे, कारण अडेनोसिन एरवी डोपामिनच्या कामाला जो आवर घालतं तो सुटतो.

माझा प्रश्न मात्र वेळेचा होता. प्यायल्यावर अर्ध्या-एक तासात रक्तातलं कॅफीन सगळ्यात जास्त असतं हे ठीक, पण ते निम्मं व्हायला सरासरी 5 तास लागतात. म्हणजे साडेपाचला 200 मिलिग्रॅम पोटात गेलं तर साडेदहाला, मी झोपायला जाते तेव्हा, जवळपास 100 अजून अंगात. हे गणित बघून मी खरंच हादरले. शिवाय कॅफीनचा निचरा लिव्हर करतं आणि प्रत्येकाचं लिव्हर वेगळं, सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरातून ते लवकर जातं, गर्भारपणात खूप हळू, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तरी हळू.

आणि "मला कॉफी पिऊनही मस्त झोप लागते" म्हणणाऱ्यांनो, झोप लागते हो, पण त्यातली गाढ झोप कमी होते आणि ते आपल्याला कळत पण नाही.

मी आधी जोशात सगळीच कॉफी एकदम बंद केली, ते करू नका. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की काम सुचेना. कॅफीनने मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रोजची सवय असताना ते अचानक थांबलं की त्या रुंदावतात आणि डोकं धरतं, साधारण 12 ते 24 तासांत सुरू होतं आणि काही दिवस चालतं. मग सकाळचा कप परत सुरू केला, संध्याकाळचा आधी अर्धा केला आणि आठवड्याने सोडला.

निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं म्हणतात, गरोदर बायकांना 200. माझे आता दोन कप होतात, दुसरा दुपारी बाराच्या आत, आणि रात्री पाठ टेकली की दहा-पंधरा मिनिटांत झोप लागते.