फोंड्याच्या आमच्या वॉरगेमिंग क्लबात नवीन माणसे टिकू लागली, त्याची हकिकत

फोंड्यात आमचा वॉरगेमिंगचा क्लब सुरू होऊन सहा वर्षे झाली. एका वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरील खोली आम्हाला दर रविवारी दुपारी मिळते. टेबलावर छोट्या शिपायांची सैन्ये मांडायची, मोजपट्टीने इंच मोजून ती पुढे सरकवायची आणि फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा, असा हा खेळ आहे. पहिली दोन वर्षे आम्ही पाचजण होतो आणि पाचच राहिलो. लोक येत नव्हते असे नाही. पंधरा-वीस जण तरी येऊन गेले असतील. पुन्हा मात्र कोणी फिरकले नाही, आणि गोव्यात या खेळाची आवडच नाही, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतली होती.

ती समजूत मोडली ती डिचोलीहून आलेल्या एका मुलीमुळे. ती धाकट्या भावाला घेऊन आली होती. आमच्यातल्या एकाने भावाला टेबलाशी बोलावले, सैन्य कसे मांडतात ते दाखवले आणि तिला म्हटले, "बाय, तू तिथे खुर्चीवर बस." वास्तविक खेळायला तीच आली होती. जाडसर कागद कापून, रंगवून घरी केलेले तीस शिपाई तिच्या पिशवीत होते, हे ती निघाली तेव्हा भावाच्या बोलण्यातून कळले. मी दोन हात अंतरावरच उभा होतो आणि काही बोललो नाही. ती पुन्हा आली नाही. त्याची खंत मला आजही आहे.

त्या रात्री आम्ही पाचही जण बसलो आणि आलेल्या माणसाचा पहिला तास आमच्याकडे कसा जातो, हे प्रथमच नीट आठवून पाहिले. तो बहुतेक वेळ उभा असे. सैन्य रंगवलेलेच हवे, असा आमचा नियम होता. वॉरहॅमर ४०,००० या आमच्याकडच्या खेळात प्रत्येक तुकडीला पॉइंट्स असतात; त्यातले दोन हजार पॉइंट्सचे सैन्य उभे करायला हजारो रुपये लागतात, नियम इंग्रजीत आणि शेकडो पानांचे, आणि खेळ तीन-चार तास चालतो; म्हणजे डिचोलीला किंवा केप्याला परतणाऱ्याने अर्धा डाव टाकून बससाठी धावायचे.

नियमांची अडचण सुटली ती या खेळाच्या इतिहासातूनच. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्याने १८२४ मध्ये स्वीकारलेल्या 'क्रीगश्पील' या युद्धखेळामध्ये खेळणाऱ्या अधिकाऱ्यांनी फक्त हुकूम द्यायचे, आणि त्या हुकमाचे काय झाले हे नियम व फासे यांच्या आधारे पंचाने ठरवायचे, अशी पद्धत होती. आम्ही तीच नव्या माणसासाठी घेतली. त्याने "हे घोडेस्वार टेकडीमागून आणतो" एवढे आपल्या भाषेत सांगावे. किती इंच, किती फासे, हे शेजारी बसलेला पंच पाहील. उभे राहून नव्हे, शेजारी बसून, यावर मी हटून बसलो. दोन-तीन चालींनंतर माणूस आपणच मोजपट्टी हातात घेतो, असा माझा अनुभव आहे. अर्ध्या इंचावरून वाद झाला तर एक फासा टाकायचा आणि चार किंवा अधिक पडले तर चाल करणाऱ्याच्या बाजूने निकाल द्यायचा, हे तेव्हाच ठरले. नव्या माणसासाठी बारा-बारा तुकड्यांची दोन सैन्ये क्लबाने तयार ठेवली. त्यांचा डाव तासाभरात संपतो. रंगाची अट काढून टाकली, आणि कागदी शिपायांना टेबलावर जागा दिली.

तरी नियम बदलले म्हणून मने बदलली असे झाले नाही. एकदा दहावीतल्या एका मुलाने न विचारता धातूचा एक घोडेस्वार उचलला आणि त्याचा भाला त्याच्या बोटांत तुटून आला. तो घोडेस्वार आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांनी भिंगाखाली तीन रात्री बसून रंगवलेला होता. खोलीत कोणी बोलेना. मुलाचा हात थरथरत होता. काकांनी डबीतून बारीक तार काढली, मुलाला ड्रिलच्या टोकाने मुठीत भोक पाडायला शिकवले, तार बसवली, फेव्हिक्विकचा थेंब लावला आणि म्हणाले, "आता पूर्वीपेक्षा घट्ट झाला. पुढच्या वेळी उचलण्याआधी विचार, एवढेच." तो मुलगा आता दर रविवारी सर्वांच्या आधी येतो.

पावसाळा आम्हाला आधी नकोसा वाटे. दमट हवेत स्प्रेने प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारला की पृष्ठभाग भुकटीसारखा खरबरीत होतो आणि एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) टेरेन, म्हणजे टेबलावरच्या टेकड्या-इमारती, फुगते. मग जून ते सप्टेंबर ब्रशनेच प्रायमर लावायचा आणि सर्वांनी एकत्र बसून रंगवायचे, अशी प्रथा पडली. त्यातून असे लोक आले ज्यांना लढाईत रस नव्हता. दिवाळीला नरकासुराचे पुतळे करणाऱ्या वाड्यावरच्या दोन मुलांनी बांबूच्या कामट्या, रद्दी आणि खळ यांतून फोंड्याच्या किल्ल्याचा तट असा उभा केला, की आमचे विकतचे टेरेन त्यापुढे फिके वाटू लागले.

त्या तटावर आम्ही १६८३ चा वेढा खेळतो. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने किल्ल्याला वेढा घातला होता, आणि संभाजी महाराज मदतीला येऊन पोहोचल्यावर त्याला माघार घ्यावी लागली. हा डाव मांडताना मी घाबरलो होतो, कारण आमच्याकडे फोंड्याचे, पेडण्याचे, तसेच मडगावचे ख्रिस्ती सभासदही आहेत, आणि कोणत्याही मुलाला तुझ्या आडनावावरून तू त्या बाजूचा, असे म्हणण्याची वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटत होते. म्हणून बाजू फाशाने ठरते आणि दुसऱ्या डावात ती बदलते. आडनावावरून केलेली थट्टा आम्ही एकदाही चालवून घेत नाही. एका जुन्या मित्राला याच कारणावरून महिनाभर येऊ नकोस असे मला सांगावे लागले, आणि ते सोपे नव्हते.

आज आम्ही सव्वीस जण आहोत, त्यांत सात मुली व महिला. नवे कोणी दारात आले की "तुम्ही काय खेळणार?" हा पहिला प्रश्न प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारला जातो, सोबत आलेल्यालाही. जिना मात्र अजून आड येतो. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे काकांना आता वर चढवत नाही, म्हणून तळमजल्यावरील वाचनकक्ष रविवारी दुपारपुरता मिळावा असा अर्ज आम्ही दिला आहे. तोपर्यंत एक टेबल खाली ओसरीवर लावतो आणि त्यांच्याबरोबर खेळायला दर आठवड्याला दोघे खाली उतरतात.