पाण्याच्या सूत्रातील ‘दोन’ आला कुठून?

पाण्याचे सूत्र एच-टू-ओ आहे हे शाळेतील कोणताही विद्यार्थी सांगू शकतो. मात्र ‘हायड्रोजनचे अणू दोनच आहेत, हे कशावरून?’ असा पुढचा प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो, आणि उत्तर आलेच तर ‘हायड्रोजनची संयुजा (इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) एक आणि ऑक्सिजनची दोन असते म्हणून’ असे येते. परीक्षेपुरते हे उत्तर पुरेसे आहे. परंतु ऑक्सिजनची संयुजा दोन मानली गेली तीच मुळी पाण्यासारख्या संयुगांच्या सूत्रांवरून, त्यामुळे प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. हा विषय शिकवताना माझे असे ठाम मत झाले आहे की, रासायनिक संयोगाचे नियम एकापाठोपाठ एक व्याख्या म्हणून पाठ करून घेण्यापेक्षा या एका ‘दोन’चा माग काढावा. वाटेत ते सगळे नियम आपोआप भेटतात, आणि प्रत्येक नियम कशासाठी लागला हेही कळते.

सुरुवात तराजूपासून करावी लागते. धातू हवेत तापवला की त्याच्या भस्माचे वजन मूळ धातूपेक्षा जास्त भरते, हे सतराव्या शतकात माहीत झालेले होते. रॉबर्ट बॉइल यांनी बंद काचपात्रात कथील तापवले, पण वजन केले ते पात्र उघडल्यानंतर, आणि वाढलेल्या वजनाचे कारण म्हणून त्यांनी अग्नीचे कण काचेतून आत शिरले असावेत असे मानले. लाव्हाझिए यांनी १७७४ मध्ये तसाच प्रयोग करताना वजन केले ते पात्र उघडण्यापूर्वी. ते तापवण्याआधी होते तेवढेच भरले. तोंड उघडल्यावर बाहेरची हवा आत शिरली, आणि वजन वाढले ते तेव्हाच. वजन करण्याची वेळ बदलली एवढ्याने अग्नीच्या कणांची कल्पना निकालात निघाली आणि रासायनिक बदलात एकूण वजन कायम राहते, हा द्रव्य अक्षय्यतेचा नियम उभा राहिला. पुस्तकात हा नियम एका ओळीचा असतो. त्यामागचा हा क्रम सांगितला की तो पाठ करावा लागत नाही.

यानंतरचा स्थिर प्रमाणाचा नियम प्रूस्त यांचा. निसर्गात सापडलेले तांब्याचे कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत तयार केलेले कार्बोनेट यांत घटकांचे प्रमाण सारखेच असते, असे त्यांनी १७९९ मध्ये दाखवले. बर्तोले यांना हे मान्य नव्हते, आणि दोघांमधला वाद अनेक वर्षे चालला. पाण्याला हा नियम लावला तर हाती येते एवढेच, की पाणी कुठूनही आणा, त्यात एक ग्रॅम हायड्रोजनमागे साधारण आठ ग्रॅम ऑक्सिजन असतो. अणूंच्या संख्येबद्दल यात एक अक्षरही नाही.

अणूची चाहूल खऱ्या अर्थाने लागते ती गुणित प्रमाणाच्या नियमात, आणि हा नियम मला या तिघांत सर्वांत सुंदर वाटतो. तांब्याची दोन ऑक्साइडे घेऊ. लाल ऑक्साइडमध्ये ८८.८ टक्के तांबे व ११.२ टक्के ऑक्सिजन असतो, तर काळ्या ऑक्साइडमध्ये ७९.९ टक्के तांबे व २०.१ टक्के ऑक्सिजन. या चार आकड्यांकडे कितीही वेळ पाहत बसले तरी त्यांत काही सूत्र दिसत नाही, कारण टक्केवारीत तांबे आणि ऑक्सिजन हे दोन्ही आकडे एकदमच बदलतात. आता तांबे कायम ठेवू आणि शंभर ग्रॅम तांब्यामागे ऑक्सिजन किती, एवढेच विचारू. लाल ऑक्साइडसाठी उत्तर येते १२.६ ग्रॅम आणि काळ्यासाठी २५.२ ग्रॅम, म्हणजे बरोबर दुप्पट. दीडपट नाही, पावणेदोनपट नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांत तर ही गोष्ट आणखी उठून दिसते: २८ ग्रॅम नायट्रोजनशी संयोग पावणारा ऑक्सिजन वेगवेगळ्या ऑक्साइडांत १६, ३२, ४८, ६४ आणि ८० ग्रॅम असतो, मधल्या जागा रिकाम्या. पदार्थ हवा तसा अखंड विभागता आला असता, तर अशा पायऱ्या पडण्याचे काही कारणच नव्हते. विद्यार्थ्यांना हे गणित स्वतः करू द्यावे, आधी उत्तर सांगू नये. टक्केवारीतून पूर्णांक बाहेर येताना पाहणे हा या धड्यातला खरा आनंद आहे.

जॉन डाल्टन यांनी १८०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अणुसिद्धांत मांडला, तो याच पायऱ्यांचा अर्थ लावण्यासाठी. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठरावीक वजनाचे असतात आणि ते पूर्णांकी संख्येनेच एकत्र येतात, असे मानले की तिन्ही नियम त्यातून निघतात. तरीही पाण्याचा प्रश्न सुटला नव्हता. एकास आठ हे वजनाचे प्रमाण दोन प्रकारे जुळते: ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड असेल, तर पाण्यात दोन्हींचा एकेक अणू असेल, आणि तो सोळापट जड असेल, तर हायड्रोजनचे दोन अणू असतील. तराजू यांपैकी कोणाचीच बाजू घेत नाही. अणुभार, म्हणजे अणूचे तुलनात्मक वजन, कळला तर सूत्र कळेल आणि सूत्र कळले तर अणुभार कळेल, असा हा पेच होता. डाल्टन यांनी सर्वांत सोपी शक्यता निवडली आणि पाण्यात एकेक अणू मानला. त्या काळी हाती असलेल्या पुराव्यावरून त्यांना चूक ठरवणे कोणालाच शक्य नव्हते, ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगायला हवी.

पेच सुटला तो वजनाने नव्हे, आकारमानाने. गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये दाखवून दिले की वायू साध्या पूर्णांकी आकारमानांत संयोग पावतात. हायड्रोजनची दोन आकारमाने आणि ऑक्सिजनचे एक घेऊन, सगळे शंभर अंश सेल्सिअसच्या वर ठेवले, म्हणजे तयार झालेले पाणी वाफेच्या रूपातच राहील, तर वाफेची दोन आकारमाने मिळतात. विद्युत अपघटनाच्या, म्हणजे विजेने पाण्याचे घटक वेगळे करण्याच्या, प्रयोगात दोन नळ्यांमधील वायूंची दोनास एक ही उंची दाखवून बहुतेक जण तेथेच थांबतात, पण खरी गंमत या तिसऱ्या आकड्यात आहे. समान आकारमानात समान संख्येने कण असतील, तर ऑक्सिजनच्या एका कणापासून वाफेचे दोन कण झाले. त्या प्रत्येक कणात ऑक्सिजन आहे. मग एक कण दोन ठिकाणी गेला कसा? दुसरी अडचण अशी की, वाफ ऑक्सिजनपेक्षा हलकी असते. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजनची भर पडून तयार झालेला कण नुसत्या ऑक्सिजनच्या कणापेक्षा हलका कसा भरतो?

ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिले. वायूचा मुक्त कण म्हणजे अणू नव्हे, तर तो रेणू, म्हणजे एकत्र जोडलेल्या अणूंचा गट, असतो, आणि ऑक्सिजनचा रेणू संयोगाच्या वेळी दुभंगतो. वाफेच्या रेणूत ऑक्सिजनचा अर्धाच रेणू जातो, म्हणून तो हलका. अणू आणि रेणू यांतला फरक आपण व्याख्येच्या तक्त्यात शिकवतो, पण तो फरक करण्याची गरज कुठे पडली ते क्वचितच सांगतो; ती पडली ती येथे. एवढी नेमकी कल्पना सुमारे अर्धे शतक बाजूला पडून राहिली, याचे मला फार वाईट वाटते. त्यालाही कारणे होती: बर्झेलियस यांच्या मते अणू विरुद्ध विद्युतभारांमुळे एकत्र येत, आणि त्या विचारात एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना धरून राहण्याला जागा नव्हती.

ॲव्होगॅड्रो १८५६ मध्ये वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी कॅनिझारो यांनी, वायूंच्या समान आकारमानात समान संख्येने रेणू असतात या ॲव्होगॅड्रो यांच्या गृहीतकावरून, अणुभार ठरवण्याची रीत मांडली, आणि १८६० मध्ये कार्ल्सरुहे येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेनंतर ती सर्वत्र पोहोचली. मेंडेलीव्ह त्या परिषदेला हजर होते. पुढे त्यांनी आवर्तसारणी रचली ती याच सुधारलेल्या अणुभारांच्या आधारावर.

कॅनिझारो यांची रीत शाळेतही सहज करून दाखवता येते. हायड्रोजनच्या रेणूचे वजन दोन धरायचे आणि वायूंच्या घनतेवरून इतर रेणूंची वजने काढायची. मग प्रत्येक रेणूत एकेका मूलद्रव्याचा वाटा किती, ते पाहायचे. हायड्रोजन क्लोराइडच्या ३६.५ मध्ये हायड्रोजन एक, पाण्याच्या १८ मध्ये दोन, अमोनियाच्या १७ मध्ये तीन, मिथेनच्या १६ मध्ये चार. एकापेक्षा कमी किंवा दीड कुठेच नाही. ऑक्सिजनचे पाहिले तर पाण्यात १६, कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये १६, कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये ३२, आणि खुद्द ऑक्सिजनच्या रेणूत ३२. आठ हा आकडा एकाही रेणूत येत नाही. याचा अर्थ सोळा हाच ऑक्सिजनचा सर्वांत लहान वाटा, म्हणजेच त्याचा अणू. आणि पाण्याच्या अठरातून सोळा गेले की उरतात दोन.

हा ‘दोन’ वजनाच्या नियमापेक्षाही पक्का आहे, हे पुढे जड पाण्याने दाखवले. हायड्रोजनचा दुप्पट जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू), ड्युटेरियम, १९३१ मध्ये सापडला. त्याच्यापासून बनलेल्या पाण्यात वजनाचे प्रमाण एकास आठ न राहता चारास सोळा, म्हणजे एकास चार होते, आणि स्थिर प्रमाणाचा नियम शब्दशः घेतला तर तो येथे मोडतो. रेणूतील अणूंची संख्या मात्र तीच राहते: ड्युटेरियमचे दोन, ऑक्सिजनचा एक.