चेनसॉचा काप सरळ आला! दोष दातांत नव्हता, बारमध्ये होता

मंडळी, फणसाचा दीड फुटी ओंडका वरून खालपर्यंत सरळ उतरला. बार (ज्या लांब पट्टीवरून चेन फिरते ती) कुठेही आवळला नाही. मागच्या नोंदीपर्यंत आपली ५८ सीसीवाली चेनसॉ (इंजिनावर चालणारी साखळी करवत) दर कापाला उजवीकडे वळत होती, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

त्या नोंदीवर तुमच्यापैकी बहुतेकांनी चेनच्या दातांवर संशय घेतला होता आणि तो रास्तच होता. कानस मारताना एका बाजूला हाताचा जोर जास्त पडतो. तिकडचे दात आखूड होतात आणि चेन लांब दातांच्या बाजूला ओढते. म्हणून प्लगची टोपी काढली, हातमोजे चढवले, चेन ब्रेक लावला आणि एकेक दात व्हर्निअरने मोजला. लांबी सारखी, कोन दोन्हीकडे ३० अंश, रेकर (दातापुढचा, कापाची खोली ठरवणारा उंचवटा) दातापेक्षा ०.६५ मिमी खाली. मग नवी कोरी चेन चढवली. तीही उजवीकडेच!

म्हणजे उरला बार. मशीन जुनं घेतलेलं, आधीच्या मालकाने बार कधी उलटा करून लावला नसावा, म्हणजे झीज एकाच कडेवर पडत गेली. खोबणीतला भुसा-तेलाचा राडा खरवडला, फणसाचा चीक रॉकेलने पुसला आणि बारला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला. उजव्या रेलवर (खोबणीच्या उजव्या काठावर) गुण्याखालून लख्ख उजेड! ती रेल झिजून खाली गेलेली, त्यामुळे अख्खी चेन उजवीकडे कलून धावत होती. अशा बारवर दातांना कितीही धार लावा, काप वाकडाच येणार.

चपटी कानस हाताने काटकोनात राहत नाही, म्हणून सागवानी ठोकळ्याला काटकोनात खाच पाडून तीत बसवली. उंच रेल सावकाश उतरवली आणि गुण्याखालचा उजेड गेल्यावरच थांबलो. रेलच्या बाहेर वळलेली कड काढताना मोजे हवेतच, ती ब्लेडसारखी कापते. शेवटी ड्राइव्ह लिंक (चेनची खोबणीत धावणारी कडी) खोबणीच्या तळाला टेकत नाही ना, ते पाहिलं. टेकत असती तर बार भंगारातच गेला असता. यापुढे दर धारेला बार उलटा करून लावणार.

धारेवरून आठवलं, बाजारात ग्राइंडरवर धार लावून आणू नका. ओळखीतल्या एकाची चेन परत आली ती तापून निळे पडलेले दात घेऊन. पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलेला दात धार धरत नाही. ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला ४.८ मिमीची चांगली गोल कानस घ्या, आतून बाहेर फक्त पुढे ढकला, परत येताना उचला. भुशाऐवजी ढलप्या पडू लागल्या की धार बसली समजा. आणि जलद कापेल म्हणून रेकर जास्त उतरवू नका. बारचं नाक लाकडाला लागलं की किकबॅक (करवत झटक्याने अंगावर उसळणं) तिथूनच वाढतो.

नवा बार मागवणार होतो, तो बेत रद्द. पण हे लिहिताना डोक्यात आलं की जुन्या मशीनचा स्प्रॉकेटही (चेन फिरवणारं दातेरी चाक) तितकाच झिजलेला असणार, आणि झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर वाया जाते. तेव्हा बारचे पैसे स्प्रॉकेटला. तोवर नवी चेन उतरवून ठेवतो, जुनीच चालवतो. शिवाय फणसाच्या उरलेल्या बुंध्यात बार मावेल एवढी खाच पाडून बागेतच धार लावायचा शिकंजा करायचा आहे. मग बाभळीची पाळी.

काम संपल्यावर चेन सैल करायला विसरू नका. तापलेली असताना ताणलेली चेन गार होताना आकसते आणि क्रँकवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर) ताण येतो.