अंगणातला प्रॉम

न्यू जर्सीत जून महिना बारावीच्या मुलांचा असतो. हायस्कूलची चार वर्षं संपतात आणि शेवटच्या काही आठवड्यांत एकामागून एक समारंभ येतात. इयरबुकवर, म्हणजे वर्षाच्या आठवणींच्या पुस्तकावर, एकमेकांच्या सह्या होतात, मग प्रॉम, म्हणजे नटूनथटून जायची शाळेची नाचाची संध्याकाळ, आणि सगळ्यात शेवटी मैदानावर गाऊन आणि चौकोनी टोपी घालून ग्रॅज्युएशन. टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे घेतला की शाळा संपली. आपल्याकडे बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि घर प्रवेशाच्या धावपळीला लागतं. इथे निकालाचा असा एक दिवस नसतोच. आपण आता मोठे झालो, हे मुलांना प्रॉम आणि ग्रॅज्युएशन या दोन समारंभांतूनच कळतं. म्हणून २०२० साली करोनामुळे ते बुडायची वेळ आली तेव्हा मुलं रडली, आणि त्यांचं रडणं खरं होतं. "लोक मरताहेत आणि तुम्हाला नाचायचं पडलंय" असं मुलांना ऐकवणारे काही जण तेव्हा होते. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

त्या वर्षी १८ मार्चला राज्यातल्या शाळा बंद झाल्या. ४ मेला गव्हर्नर फिल मर्फी यांनी जाहीर केलं की या शैक्षणिक वर्षात त्या उघडणार नाहीत. शाळेने प्रॉमच्या तिकिटांचे पैसे परत केले. हिवाळ्यातच घेऊन ठेवलेले झगे कपाटात तसेच लटकत राहिले. मेच्या अखेरीस पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका आईने लिहिलं, "शाळा करू शकत नसेल, तर आपण करू या." एका घराचं मागचं अंगण मोठं होतं. तिथे तंबू ठोकायचा, डीजे आणायचा, जेवण बाहेरून मागवायचं आणि साठेक मुलांना बोलवायचं, असा बेत होता.

पुढचे काही आठवडे ग्रुपवर दुसरा विषय नव्हता.

सुरुवातीला सगळी चर्चा आकड्यांची होती. तेव्हा उघड्यावर २५ माणसांना एकत्र यायची परवानगी होती. ९ जूनला ती मर्यादा १०० वर गेली आणि अनेकांना वाटलं, झालं, प्रश्न मिटला. तुमच्याकडेही तेव्हा लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती आणि एकावन्नावा कोण यावरून वाद होत होते, म्हणून हे तुम्हाला लगेच समजेल. पण सरकारी आकडा एवढंच सांगतो की पोलीस तुम्हाला अडवणार नाहीत. येणारं मूल रात्री कुणाच्या शेजारी झोपणार आहे, ते तो सांगत नाही.

आमच्या घरी माझे सासू-सासरे होते. नातीचं ग्रॅज्युएशन बघायला ते सांगलीहून फेब्रुवारीतच आले होते. मार्चच्या अखेरीस भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि ते इथेच अडकले. सासऱ्यांना मधुमेह आणि वर रक्तदाब. पाहुण्यांसाठी काढलेला आरोग्य विमा किती तोकडा असतो, हे इथे आईवडिलांना आणणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत त्या जूनमध्ये असे अडकलेले आजी-आजोबा अनेक होते. जूनच्या मध्यापर्यंत एकट्या न्यू जर्सीत १२,००० हून अधिक माणसं करोनाने गेली होती, आणि त्यांतले जवळपास निम्मे मृत्यू वृद्धांच्या निवासांमधले होते. धोका कुणाला आहे, हे कुणापासून लपलेलं नव्हतं.

या बेताची सर्वांत ठाम समर्थक एक डॉक्टर आई होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण दूरवरून पाहणाऱ्याला वाटतं की विज्ञान कळणारे एका बाजूला होते आणि न कळणारे दुसऱ्या. ती पूर्ण एप्रिल करोना वॉर्डात होती. घरी आली की तळघरात राहायची, मुलाशी जिन्याच्या दारातून बोलायची. तिने ग्रुपवर लिहिलं, "उघड्यावर धोका बराच कमी असतो, हे मी डॉक्टर म्हणून सांगते. आणि आई म्हणून सांगते, माझ्या मुलाने या वर्षी फक्त माझी भीती पाहिली आहे. त्याला एक संध्याकाळ मिळू दे." तिच्या पहिल्या वाक्यात चूक नव्हती. दुसऱ्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पण मग हमीपत्र आलं. यजमान पालकांनी एक कागद तयार केला होता. माझं मूल स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे, काही झालं तर यजमानांवर दावा करणार नाही, आणि खाली आईवडिलांची सही. तो कागद वाचून माझं मत पक्कं झालं.

इथे प्रॉमची रात्र महामारीच्या आधीही पालकांच्या काळजीचीच रात्र होती. दारू प्यायला कायद्याने २१ वर्षं पूर्ण लागतात, आणि तरीही प्रॉम-ग्रॅज्युएशनच्या दिवसांत दारू पिऊन गाडी चालवणारी मुलं अपघातात जायची. त्यावर उपाय म्हणून 'प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन' सुरू झालं, ते १९८० च्या सुमारास मेन राज्यात. ग्रॅज्युएशनच्या रात्री मुलांना एका ठिकाणी ठेवायचं, खेळ, संगीत, खाणं सगळं द्यायचं, दारू मात्र नाही, आणि पालकांनी रात्रभर जागायचं. आता देशभर अनेक शाळांत ही प्रथा आहे. न्यू जर्सीत तर आपल्या घरी दुसऱ्याच्या अल्पवयीन मुलाला दारू दिली किंवा त्यासाठी घर वापरू दिलं, तरी तो गुन्हा आहे. तिथे "ज्याने त्याने ठरवावं" असं कुणी म्हणत नाही. तुमच्या अंगणात आलेलं दुसऱ्याचं मूल सुखरूप घरी पोचेपर्यंत ते तुमचं, हे इथल्या पालकांनी खूप मुलं गमावल्यावर मान्य केलेलं तत्त्व आहे. मला इथल्या समाजातल्या फार थोड्या गोष्टींबद्दल इतका आदर आहे. आणि तेच पालक विषाणूच्या बाबतीत म्हणत होते की प्रत्येक कुटुंबाने आपापलं पाहावं, सही करावी आणि पाठवावं.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, की मी माझ्या मुलीसाठी सही करू शकते, माझ्या सासऱ्यांसाठी कशी करू? आणि जेवण वाढायला येणाऱ्या बाईच्या घरी कोण आहे, हे आपल्यापैकी कुणाला माहीत आहे?

त्याच ऑगस्टमध्ये मेनमधल्या मिलिनॉकेट या छोट्या गावात ५५ पाहुण्यांचं एक लग्न झालं. त्यातून १७७ जणांना लागण झाली आणि सात माणसं गेली. त्या सातांपैकी एकही जण लग्नाला गेलेला नव्हता. जूनमध्ये हे अर्थात कुणालाच माहीत नव्हतं. पण साखळी कशी चालते, ते तोवर कळलेलं होतं.

ग्रुपवरची एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. कुणीतरी विचारलं, ज्यांच्या घरी करोना येऊन गेला, त्या मुलांना बोलवायचं का? वर्गातल्या एका मुलाचे आजोबा एप्रिलमध्ये गेले होते. त्याची आई त्याच ग्रुपवर होती. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, भीती होती. त्या आईने काही लिहिलं नाही, रात्री ती ग्रुपमधून बाहेर पडली. शाळेचा प्रॉम असता तर हा प्रश्नच आला नसता, कारण तो सगळ्यांचा असतो. बारावीच्या तीनशेच्या वर मुलांतून साठ निवडायची, म्हणजे बाकीची वगळायची, हे बेत मांडताना कुणाच्या मनात आलं नव्हतं. गोदामात काम करणाऱ्या आईचा मुलगा, बसचालकाची मुलगी, यांना आमंत्रण गेलं नाही. आजाराच्या धोक्याइतकंच हेही मला खुपलं.

आमच्या लेकीला आमंत्रण होतं. ती दोन दिवस गप्प होती, मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मी जात नाहीये. पण आजोबांमुळे जात नाही, हे त्यांना कळू देऊ नकोस." त्यांना कळलंच. ते मला म्हणाले, "अगं, मी पंधरा दिवस तळघरात राहतो. ती डॉक्टर बाई नाही का राहिली? पोरीला जाऊ दे." ऐंशीच्या घरातला माणूस नातीच्या एका संध्याकाळसाठी स्वतःला कोंडून घ्यायला निघाला होता. मी नाही म्हटलं. लेकीनेही नाही म्हटलं, आणि मग आजोबांच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसली.

आम्ही आमच्या ड्राइव्हवेवर तिच्या चार मैत्रिणींना बोलावलं. मुली झगे घालून आल्या, लांब लांब खुर्च्यांवर बसल्या, प्रत्येकीने आपापल्या घरून डबा आणला. आजी-आजोबा वरच्या खिडकीत होते. हा प्रॉम नव्हता आणि आम्ही त्याला प्रॉम म्हटलंही नाही. मुलींनी काय गमावलं, ते त्यांना ठाऊक होतं. ते भरून काढल्याचा आव मोठ्यांनी आणू नये, असं मला वाटत होतं.

ग्रॅज्युएशन मात्र झालं. ६ जुलैपासून राज्याने मैदानावरच्या समारंभांना परवानगी दिली, जास्तीत जास्त ५०० माणसं. शाळेने वर्गाचे गट पाडले आणि प्रत्येक मुलामागे दोन तिकिटं दिली. मी आणि नवरा गेलो. ज्यांच्यासाठी सांगलीहून प्रवास झाला होता, त्यांनी तो समारंभ घरी पडद्यावर पाहिला. सासऱ्यांनी त्या दिवशी सकाळीच दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला होता.

अंगणातली पार्टीही झाली, साठ नाही तरी चाळीसेक मुलांची. आमच्या माहितीत कुणी आजारी पडलं नाही. काहींच्या मते त्यामुळे वादाचा निकाल लागला. पण त्याच जूनमध्ये शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात, रॉकलंड काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), शंभरेक जणांच्या घरगुती पार्टीनंतर काही जण बाधित झाले. आरोग्य खात्याचे फोन आले तर लोक बोलायलाच तयार नव्हते. शेवटी काउंटीला आठ जणांवर समन्स काढावं लागलं, उत्तर न दिल्यास दिवसाला २,००० डॉलर दंड. त्या पार्टीतले पालक-पोरं आमच्यापेक्षा निष्काळजी असतील, असं मानायला माझ्याकडे काही कारण नाही. कुणी आजारी पडलं नाही म्हणून निर्णय योग्य ठरत नाही. दारू पिऊन गाडी चालवणारी बहुतेक मुलंसुद्धा त्या रात्री घरी पोचतात.

डॉक्टर आई आणि मी आजही मैत्रिणी आहोत. एका दिवाळीच्या फराळाला हा विषय निघाला. ती म्हणाली, पुन्हा तशी वेळ आली तर ती पुन्हा पार्टीच्याच बाजूने उभी राहील, आपल्या मुलाच्या चेहऱ्यावर त्या रात्री तिने जे पाहिलं ते तिला हवं होतं. मी तिला सांगितलं की मी पुन्हा नाहीच म्हणेन. पण तेव्हा ग्रुपमधून निघून गेलेल्या त्या आईला आधी फोन कर, असंही मी तिला म्हटलं. त्या आठवड्यात तिने तो केला.