वडकी नाल्यावरची दुपार

गेली 11 वर्षे मी रोज पहाटे वेताळ टेकडीवर चालते. गिरिपुष्पाच्या झाडीतून खाणीपर्यंत जायचे आणि परतायचे, ही सवय असल्यामुळे पुणे ते सासवड ही सुमारे 32 किलोमीटरांची मजल मला जड जाणार नाही, अशी माझी खात्री होती. एकादशीच्या पहाटे भवानी पेठेतून माउलींच्या पालखीबरोबर निघाले. पुलगेट मागे पडले, आणि हडपसरहून तुकोबारायांची वाट लोणीकडे सोडून आमची दिंडी सासवड रस्त्याला लागली.

टेकडीवर मोर ओरडला की मी थांबते. दिंडीत मात्र पाऊल टाळांच्या ठेक्याशी बांधलेले असते, पुढची ओळ थांबली की आपणही थांबायचे, आणि ही सक्ती मला सकाळभर खुपत राहिली. त्यातच एक सर येऊन मोजे भिजले व डावी टाच घासू लागली. फोटोसाठी ओळीत घुसलेल्या एका मुलावर मी ओरडले, तेव्हाही तोंडात माउलींचेच नाव होते. त्याची मला लगेच लाज वाटली, तरी राग गेला नाही.

वडकी नाल्यावर विसाव्यात बूट काढला तेव्हा टाचेवर रुपयाएवढा फोड टरारलेला होता. शेजारी परभणीकडच्या एक मावशी डोक्यावरचे तुळशीवृंदावन खाली ठेवून शेंगदाण्याचा लाडू खात होत्या. त्यांनी काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला. एकादशीच्या दिवशी, त्या वयाच्या बाईच्या मांडीवर माझा चिखलाने भरलेला पाय! मी तो ओढू लागले, तर त्यांनी घोटा घट्ट धरला. पिशवीतून सुई-दोरा काढला, काडी ओढून सुई तापवली, फोडाच्या आरपार घातली आणि दोऱ्याची दोन्ही टोके बाहेर लोंबती ठेवून तो तोडला.

“दोरा काढू नको माय, पाणी त्याच्या वाटेनं निघून जातंय. कातडं मात्र सोलू नको.” मग खोबरेल चोळता चोळता म्हणाल्या, “तू टाच आपटत चालतीस. घाई कशाची?”

पेरणी उरकून त्या घरून निघाल्या होत्या, एवढेच मला कळले. तेवढ्यात वीणेकरी उठले, टाळ वाजू लागले आणि मावशी वृंदावन डोक्यावर घेऊन आपल्या दिंडीत शिरल्या. त्यांच्या दिंडीचा क्रमांकही मी विचारला नव्हता.

दिवे घाट मी टाच अलगद टेकवत चढले. खाली मस्तानी तलाव दिसला.

त्यांची सुई माझ्या ओढणीलाच खोचलेली राहिली आहे, हे सासवडच्या तळावर लक्षात आले. समाजआरतीला चोपदारांचा दंड वर गेला आणि एवढा मोठा तळ क्षणात शांत झाला. हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावे पुकारली जाऊ लागली तेव्हा मी सुई चिमटीत धरून अगदी शेवटचे नाव होईपर्यंत कान देऊन उभी राहिले. सुई कोणीच मागितली नाही.