फोटो दाखवू नका, दिशा सांगा

घराच्या बाहेरच्या रचनेसाठी माझ्याकडे येणारे बहुतेक जण मोबाइलवर एक फोटो घेऊन येतात. राखाडी-पांढरा रंग, मध्ये लाकडासारखा दिसणारा पट्टा आणि समोर मोठी काच. मी त्यांना पहिला प्रश्न एकच विचारते: ही काच कोणत्या दिशेला येणार? फोटोवरून ते कळत नाही, आणि माझं पुढचं सगळं काम त्या उत्तरावर ठरतं.

घराच्या चारही बाजू एकसारख्या दिसत असतील, तर ऊन-वाऱ्याचा विचार झालेला नाही असं मी खुशाल समजते. आपल्या उत्तर गोलार्धात दक्षिणेची बाजू सांभाळायला सोपी. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य उंच असतो, त्यामुळे खिडकीवर नीट मापाचा छज्जा काढला की सावली मिळते. थंडीत सूर्य खाली कलतो आणि तेच ऊन छज्ज्याखालून घरात येतं, हवं तेव्हा. उत्तरेकडे थेट ऊन फारसं नसतं, म्हणून मोठ्या खिडक्यांची हौस तिकडे भागवावी. दिवसभर एकसारखा, डोळ्यांना न टोचणारा उजेड मिळतो.

खरी परीक्षा पश्चिमेची. तिसऱ्या प्रहरानंतर सूर्य इतका खाली येतो की छज्जा कितीही पुढे काढा, ऊन त्याच्या खालून थेट भिंतीवर आणि खिडकीवर येतं. आणि नेमकी तेव्हाच हवाही दिवसभराची तापलेली असते. म्हणून तिथे आडवी सावली सोडून उभी सावली शोधायची: उभ्या पट्ट्या, जाळी, पानगळीचं झाड. जिना, न्हाणीघर, सामानाची खोली अशा कमी वापराच्या जागा त्या बाजूला घेतल्या, तर झोपायच्या खोल्या आपोआप वाचतात. मला सगळ्यात आवडते ती भाजलेल्या मातीची जाळी, भिंतीपासून हातभर पुढे उभी केलेली. ऊन जाळी झेलते आणि मधल्या फटीतून तापलेली हवा वर निघून जाते. वास्तुविशारद ल कॉर्ब्यूझिए यांनी चंडीगडच्या इमारतींना खोल काँक्रीटच्या चौकटी देऊन ऊन अडवलं. कल्पना मोठीच होती. पण जाड काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतं आणि रात्री सोडत राहतं. घरासाठी हलकी, सुटी जाळी बरी.

काचेबद्दल मी हट्टी आहे. साध्या एकेरी काचेतून उन्हाची सुमारे 80 टक्के उष्णता आत येते. एकदा ती आत आली की पडदा लावून फारसा उपयोग नाही, कारण पडदाच तापतो आणि खोली तापवतो. सावली काचेच्या बाहेर हवी.

आता भिंतीकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी भारतात रुजवलेली रॅट-ट्रॅप बाँडची भिंत मी संधी मिळेल तिथे सुचवते. यात विटा आडव्या न टाकता कडेवर उभ्या रचतात, त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. ती पोकळी उष्णता अडवते, आणि विटाही साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात. हात बसलेला गवंडी मात्र हवा. विटांमधले सांधे नीट भरले की अशी भिंत उघडीच शोभते. गिलावा नाही, रंग नाही, दर काही वर्षांनी परांची बांधणं नाही. जी गोष्ट वापरलीच नाही, तिच्याइतकी पर्यावरणाला सोसणारी दुसरी कुठली?

गिलावा करायचाच असेल तर चुन्याचा. जगात माणसाच्या कामांतून सुटणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के सिमेंटच्या उत्पादनातून येतो. सिमेंटची भट्टी सुमारे 1450 अंशांवर चालते, चुन्याची सुमारे 900 वर. चुना भाजतानाही वायू सुटतो, पण भिंतीवर वाळून घट्ट होताना त्यातला बराच तो परत शोषून घेतो. शिवाय भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडू शकते. एक सांगून ठेवते: आधी प्लॅस्टिक रंग दिलेल्या भिंतीवर चुना धरत नाही. तो रंग खरवडून काढावाच लागतो.

बाहेरून डकवायच्या चकचकीत पॅनेलना मी स्पष्ट नकार देते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला उष्णतारोधन सुधारावं आणि इमारत देखणी व्हावी म्हणूनच नवं आवरण चढवलं होतं. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलच्या पोटात पॉलिथिलीन, म्हणजे सहज पेटणारं प्लॅस्टिक होतं. 14 जून 2017 च्या आगीत 72 माणसं गेली. पॅनेलच्या आत काय आहे हे लेखी मिळाल्याशिवाय ते घराला लावूच नये.

हिरव्या भिंतींचंही तसंच. मिलानचे बॉस्को व्हर्टिकाले हे 2014 मध्ये पूर्ण झालेले, झाडांनी भरलेले दोन मनोरे मलाही भुरळ घालतात, पण तिथे दोरावर लटकून छाटणी करणारी प्रशिक्षित माणसं आहेत. घराला पंपावर जगणाऱ्या कुंड्यांची भिंत कशाला? जमिनीत लावलेला वेल तारांवर चढवावा, तारा भिंतीपासून वीतभर लांब ठेवाव्यात. मुळं मातीत असली की तो पुष्कळसं स्वतःचं स्वतः बघतो.

पाण्याचं थोडक्यात: छप्पर भिंतीच्या चांगलं बाहेर काढा, छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच ठेवा म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथेच गळून पडेल, आणि पागोळ्या पडतात तिथे फरशीऐवजी खडी टाका.

घर आधीच बांधलेलं असेल तर हे सगळं एकदम होत नाही, व्हायची गरजही नाही. मी क्रम असा लावते. पहिल्यांदा गच्ची पांढरी करा. सर्वांत स्वस्त आणि लगेच जाणवणारं काम तेच. मग पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली द्या. त्यानंतर अंगणातली फरशी जिथे गाडी किंवा पाऊल पडत नाही तिथून उखडा आणि पाणी जिरू द्या. समोरच्या बाजूचा रंग सगळ्यात शेवटी निवडा.