बडोद्याच्या गच्चीवरची होडी

पावसाळा सरता सरता बडोद्याला गेलो, ते खरं तर दांडिया बाजारातल्या आत्याकडे नुसतं लोळायला. पण दादाने वाड्याच्या गच्चीवर होडी बांधायला काढली होती. सूरसागरचा एक फेरफटका आणि सेवउसळ सोडली तर मग शहर बघणं राहूनच गेलं.

होडी म्हटल्यावर मला कच्छमधल्या मांडवीची अवाढव्य लाकडी गलबतं आठवली. इथे मात्र बोटभरही जाड नसलेल्या पट्ट्या पडल्या होत्या. फळ्या नाहीत, खिळे नाहीत. ग्रीनलँडचे इनुइट लोक कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, बांधत आले ती ही रीत: वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, दोरीने आवळलेले सांधे आणि वरून सीलचं कातडं. दादाने कातड्याऐवजी पॉलिएस्टरचं जाड कापड घेतलं होतं आणि लाकूड तुतीचं. हॉकीच्या काठ्या ज्याच्या होतात तेच. चिवट, पण वाकायला राजी.

खरी गंमत फासळ्या वाकवण्यात. कुकरची शिट्टी काढून तिथे नळी बसवलेली, नळीचं दुसरं टोक एका लांबट लाकडी पेटीत. (कुकर आत्याचा. तिला विचारलं होतं का, हे मी विचारलं नाही.) इंचभर जाडीला तासभर वाफ, असा ढोबळ हिशोब. आमच्या पट्ट्या 8 मिलिमीटरच्या, म्हणजे 20 मिनिटं. वाफेने लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा डिंकच म्हणा, मऊ पडतं. पेटी उघडली की हातमोजे घालून पट्टी ओढायची, लगेच वाकवायची आणि दोन्ही टोकं काठाच्या खाचांत बसवायची. अर्धं मिनिट गेलं की लाकूड पुन्हा हट्टाला पेटतं.

ओलं गरम लाकूड दाबलं जातं, ताणलं जात नाही. त्यामुळे मोडतं ते बाहेरच्या अंगाने. आधी एक बारीक कुसळ उठतं, मग कट्ट. ज्या पट्टीत रेषा तिरक्या जाऊन कडेला बाहेर पडतात, ती हमखास जाते. भट्टीत वाळवलेलं लाकूडही नीट वाकत नाही, म्हणून वखारीत दादा एकेक पट्टी उजेडाकडे धरून निवडत होता. वखारवाला वैतागला होता.

कापड शिवून झाल्यावर त्यावरून गरम इस्त्री फिरवली. सुरकुत्या आक्रसून ते ढोलकीच्या पानासारखं ताणलं गेलं. वर वॉर्निशचे हात.

होडी पंधराएक किलोची झाली. जिना अरुंद, म्हणून ती गच्चीवरून दोरांनी खाली सोडली. अख्खी गल्ली सल्ले द्यायला हजर. काळाघोड्याच्या पुलाखाली विश्वामित्रीत सोडा, असंही एक काका म्हणाले. तिथे मगरी राहतात आणि आमच्या होडीला कातडं म्हणजे कापड! हरणी तलावात जानेवारी 2024 मध्ये बोट उलटून शाळेची मुलं गेली, तेव्हापासून आत्या पाण्याचं नाव काढू देत नाही. शेवटी डभोई रस्त्याच्या एका ओळखीच्या शेततळ्यात, लाइफ जॅकेट बांधून.

बसल्यावर कळतं, तळ जिवंत आहे. पाणी ढवळलं की कापड मांडीखाली हलतं, गारवा थेट लागतो. प्लायवूड आणि इपॉक्सी नावाच्या पक्क्या गोंदाची होडी जास्त टणक, हे मान्य. पण ती मला एकट्याला उचलता आली नसती. दगडाला घासून कापड फाटलं तर ठिगळ चिकटवून वर वॉर्निश मारायचं. दादाने ठिगळं आधीच कापून ठेवली आहेत.